फरारी आणि परागंदा : ‘बेरड’ या आत्मकथनाचे सीमाभागातील वाचन

घर सोडून गेलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. फरारी, हद्दपार, तडीपार, बेघर, परागंदा, देशोधडीला लागलेला असे अनेक शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. त्यांतले बरेचसे अरबी-फारसीतून दखनी मुलखाच्या कारभारात आले आणि तेथून घराघरांत पोहोचले. ‘फरार’ म्हणजे पळून जाणे आणि ‘परागंदा’ म्हणजे विखुरलेला. दोन्ही शब्द एकाच प्रवाहातून आले असले तरी मराठीत त्यांच्या जागा वेगळ्या झाल्या. ‘फरारी’ हा पोलीस ठाण्याच्या कागदातला शब्द आहे, त्यात आरोप गृहीत धरलेला असतो. ‘परागंदा’ हा मागे राहिलेल्या नातेवाइकांचा शब्द आहे, त्यात दुःख असते आणि आरोप नसतो. एकच माणूस एका दप्तरात फरारी असतो आणि आपल्या आईच्या तोंडी परागंदा असतो. डॉ. भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ हे आत्मकथन वाचताना या दोन शब्दांमधील अंतर सतत जाणवत राहते. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचा विचार त्याच अंगाने केला आहे.

विस्थापनाची व्याख्या आणि तिच्यातून सुटलेली माणसे

विस्थापन म्हटले की मराठी वाचकाच्या मनात दोनच चित्रे सहसा उभी राहतात. एक फाळणीचे आणि दुसरे धरणाचे. धरणग्रस्तांच्या प्रश्नावर विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (साहित्य अकादमी पुरस्कार १९९२) आणि अलीकडे कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (साहित्य अकादमी पुरस्कार २०२३) या कादंबऱ्या वाचकांसमोर आहेत. धरणाच्या विस्थापनाला तारीख असते, सरकारी अधिसूचना असते, नुकसानभरपाईची यादी असते. ती यादी अपुरी किंवा अन्यायकारक असेल, परंतु ती असते. त्यामुळे त्या विषयावर भांडता येते आणि लिहिताही येते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासितविषयक करारात देशाची सीमा ओलांडून गेलेल्यांचा विचार होता. आपल्याच देशात घर सोडावे लागलेल्यांसाठी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली. सशस्त्र संघर्ष, सर्वत्र पसरलेला हिंसाचार, मानवी हक्कांची पायमल्ली, नैसर्गिक अथवा मानवनिर्मित आपत्ती यांमुळे किंवा त्या टाळण्यासाठी ज्यांना राहते घर सोडणे भाग पडले, ते अंतर्गत विस्थापित, असा त्यांचा आशय आहे. ही तत्त्वे राष्ट्रांवर बंधनकारक नाहीत आणि भारतात अंतर्गत विस्थापितांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा नाही. तरीही या व्याख्येतील एक बाब अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. मानवी हक्कांच्या पायमल्लीमुळे घर सोडणे हेही विस्थापनच आहे, मग ते एका रात्रीसाठी असो की पिढीसाठी.

बेळगाव-निपाणी परिसरात असे विस्थापन मोठ्या संख्येने झाले, पण ते एकगठ्ठा झाले नाही. एखाद्या तारखेला सारे गाव उठून गेले असे क्वचितच घडले. एका घरातून कर्ता पुरुष गेला, दुसऱ्या घरातून मुलगी गेली, तिसरे घर दुष्काळात कामासाठी घाटाखाली किंवा मुंबईला गेले आणि परत आले नाही. म्हणून त्याची बातमी झाली नाही. ‘बेरड’चे महत्त्व असे की, ज्या स्थलांतराची वही कोणी ठेवली नाही त्याची नोंद या ग्रंथात सापडते.

भूभाग आणि लेखक

निपाणी हे पुणे-बंगळूर महामार्गावरील गाव. तंबाखूच्या वखारी, विडीचे कारखाने आणि त्यांत राबणाऱ्या बायका ही त्याची जुनी ओळख. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्न उभा राहिला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. निपाणी गाव कर्नाटकात आणि त्याला लागून असलेले अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रातील कागल तालुक्यात, अशी येथील रचना आहे. वर्गात जाण्यासाठी राज्याची हद्द ओलांडणारे विद्यार्थी या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

या भूमीतून आलेले मराठी लेखन वरच्या थरातील जीवनापेक्षा तळातील जीवनाकडे अधिक वळलेले दिसते. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिणारे महादेव मोरे (निधन २०२४) यांनी वखारीतील कामगार स्त्रिया, ड्रायव्हर, गॅरेजमधील पोरे, देवदासी यांना मराठी कथेत आणले. उत्तम कांबळे यांनी ‘देवदासी आणि नग्नपूजा’ या पुस्तकात या प्रथेचा शोध घेतला आणि ‘वाट तुडवताना’ मध्ये गरिबीतून शिकणाऱ्या मुलाची वाटचाल लिहिली. याच परंपरेत भीमराव गस्ती (१९५०–२०१७) यांचे ‘बेरड’ बसते. ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आले आणि त्याआधी १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. विमुक्त आणि भटक्या जमातींचे अनुभव मराठीत एकापाठोपाठ एक बोलू लागले तो हा काळ.

गस्ती यांचे गाव यमनापूर, बेळगाव शहराच्या कडेला. आज हे नाव बहुतेकांना तेथील ॲल्युमिनियम कारखान्यामुळे माहीत असते. ‘बेरड’मधील यमनापूर मात्र उपाशी मुलांचे आणि पोलिसांच्या धाकात वावरणाऱ्या माणसांचे आहे. परिसरात कोठेही चोरी झाली की संशयाची पहिली सुई बेरडांकडे वळते, हे त्या जगण्याचे मूलभूत सूत्र आहे. त्या वस्तीतील एक मुलगा शिकतो, उच्च शिक्षणासाठी मॉस्कोपर्यंत जातो आणि परत येऊन आपल्या समाजाच्या संघटनेत व देवदासींच्या प्रश्नात उतरतो. पुस्तकाचा बाह्य आराखडा एवढाच आहे. एका यशस्वी माणसाची कहाणी म्हणून ते वाचता येते आणि पुष्कळदा तसेच वाचले जाते. असे वाचन सोपे आहे, पण त्यात पुस्तकाचा गाभा हातून सुटतो.

घर आहे, पण आसरा नाही

‘उपरा’ आणि ‘बेरड’ ही दोन आत्मकथने शेजारी ठेवली तर एक फरक स्पष्ट होतो. ‘उपरा’मधील कैकाडी कुटुंबाला स्थिर घर नाही. गाढवावर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणत ते गावोगाव फिरते. तेथे घर नसणे हीच जगण्याची रीत आहे. ‘बेरड’मध्ये घर आहे, वस्ती आहे, गावात हद्द आहे, देवही आहे. परंतु त्या घराला आसरा म्हणता येत नाही, कारण घराचा पत्ता हाच पुरावा मानला जातो. या वस्तीत राहतो म्हणून तो संशयित, आणि संशयित म्हणून तो त्याच वस्तीत निर्धास्त झोपू शकत नाही. धाड येणार या भीतीने ज्याला वेळोवेळी स्वतःच्या घरापासून दूर राहावे लागते त्याला भटका म्हणावे की विस्थापित, हा प्रश्न या पुस्तकाने मराठी समीक्षेपुढे ठेवला. समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतली असे म्हणता येत नाही.

पळून जाण्याचा अर्थ येथे उलटा लावला जातो, हेही पाहिले पाहिजे. पोलिसांच्या दृष्टीने जो पळाला तो गुन्हेगार, कारण निर्दोष माणूस पळणार कशाला? वस्तीच्या दृष्टीने जो पळाला नाही तो मार खाणार, कारण निर्दोष असण्याने काहीच वाचत नाही. दोन्ही बाजूंचे तर्क आपापल्या जागी पक्के आहेत आणि त्यांच्यामध्ये माणूस सापडतो. एकदा पळाला की ‘फरारी’ हा शिक्का बसतो, शिक्का बसला की परतणे अवघड होते, आणि परतणे लांबले की कुटुंब मोडते. फरारी माणसाचे परागंदा कुटुंब होते ते असे, क्रमाक्रमाने. ‘बेरड’चे वाङ्मयीन यश या क्रमाच्या चित्रणात आहे. त्यात मोठे नाट्य नाही आणि त्याची गरजही नाही. एकच प्रसंग निरनिराळ्या घरांत पुन्हा पुन्हा घडत राहतो. ही पुनरावृत्ती काही वाचकांना दोष वाटते. पण ज्या जगण्यात तीच आपत्ती पुन्हा पुन्हा येते त्याचे निवेदन चढत्या क्रमाने कसे होणार, याचाही विचार व्हायला हवा.

कायद्याने दिलेले नाव

या संशयाला शासकीय इतिहास आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा माणसाच्या कृत्यावर नव्हे तर जन्मावर आधारलेला होता. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश भारताला लागू करता येऊ लागला. नोंद, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडण्यास बंदी आणि कुंपणातील वसाहती ही त्याची साधने होती. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथे अशा वसाहती होत्या. मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर संपला. ‘विमुक्त’ हा शब्द त्या मुक्ततेचा आहे. परंतु त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि ठाण्यातील नजर बदलली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदावर निर्णय देताना विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाल्यावरही न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच ‘बेरड’ आजही का वाचावे याचे उत्तर आहे.

आणखी मागे गेल्यास १८५७ चे हलगली लागते. तेव्हाच्या मुधोळ संस्थानातील, आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या या गावातील बेडांनी शस्त्रे सरकारजमा करण्याचा हुकूम मानला नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने गाव वेढून जाळले आणि पकडलेल्यांपैकी १९ जणांना डिसेंबरमध्ये मुधोळ व हलगली येथे फाशी दिली. या प्रसंगावरची कन्नड लावणी लोकांच्या तोंडी टिकून राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन फेथफुल फ्लीट यांनी ती अन्य लोकगीतांबरोबर नोंदवून घेतली. म्हणजे बेरडांविषयी दोन नोंदी एकाच शतकात झाल्या. कायद्याच्या नोंदीत ते गुन्हेगार ठरले आणि लावणीत वीर. जळालेल्या गावातून बाहेर पडलेल्या बाया-मुलांचे पुढे काय झाले, हे या दोहोंपैकी कोणाच्याच लक्षात राहिले नाही. शंभराहून अधिक वर्षांनी आलेल्या ‘बेरड’ या पुस्तकाने वीर आणि चोर या दोन्ही प्रतिमा बाजूला सारून साध्या, भुकेल्या, भ्यालेल्या माणसाला मधोमध उभे केले. त्याला ना शौर्याचा आधार हवा होता ना सहानुभूतीचा.

वेगळी आग, तेच रस्ते

विस्थापितांच्या साहित्याचे वाचन करताना एक धोका असतो. प्रत्येक समाज आपल्या दुःखाचे पुस्तक वाचतो आणि इतरांचे मिटून ठेवतो. तो टाळण्यासाठी ‘बेरड’बरोबर आणखी एक पुस्तक वाचणे उपयुक्त ठरते. ते म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ (१९६४). ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. पुण्यात असलेले तरुण आपल्या गावाकडे निघतात, वाटेत भीती आणि माणुसकी दोन्ही भेटतात, आणि अखेर गावातले घर राहत नाही, असा त्या कादंबरीचा प्रवास आहे. अनेक कुटुंबांनी त्या वर्षी गाव सोडले ते कायमचे.

‘वावटळ’ आणि ‘बेरड’ यांतील सामाजिक स्थाने परस्परविरुद्ध टोकांची आहेत. एका बाजूला वाडा, शेत, अक्षर आणि शहरात नातेवाईक असलेले कुटुंब. दुसऱ्या बाजूला यांपैकी काहीच नसलेले. एकाची आपत्ती काही दिवसांची, दुसऱ्याची पिढीजात. एकाला शहरात पुन्हा उभे राहण्याचे मार्ग होते, दुसऱ्याला शहरातही तोच संशय भेटला. हा फरक पुसून दोघांना समान ठरवणे प्रामाणिकपणाचे नाही. मात्र एक धागा समान आहे. दोन्हीकडे कोणा एकाच्या कृत्याची शिक्षा त्याच्या संपूर्ण जातीला दिली गेली. खून एकाने केला आणि घरे शेकडोंची जळाली. चोरी कोणी केली हे ठाऊक नसताना मार संपूर्ण वस्तीने खाल्ला. सामुदायिक दोषारोप ही या दोन्ही पुस्तकांची खरी खलनायिका आहे. माडगूळकरांनी ती संयत, जवळजवळ अलिप्त निवेदनातून दाखवली. गस्ती यांनी ती संतापातून दाखवली. दोन्ही पद्धतींना आपापले कारण आहे. ज्याला पुन्हा त्याच लोकांत राहायचे असते तो आवाज खाली ठेवतो. ज्याचे ऐकलेच जात नाही त्याला तो चढवावा लागतो.

मुस्लिम समाजातील वाचकाला सामुदायिक दोषारोपाचा हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबाद कारवाईआधी रझाकारांच्या भीतीने हिंदू कुटुंबांनी संस्थानाबाहेर आश्रय घेतला आणि कारवाईनंतर मराठवाड्यातील मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता आणि तो अहवाल अनेक दशके सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती नव्हता. मराठी साहित्यात पहिल्या पलायनाच्या आठवणी विपुल आहेत, दुसऱ्याच्या त्या मानाने फार थोड्या. या दोन्हींना एकाच पानावर जागा देणारे लेखन व्हायला हवे. ‘बेरड’ आणि ‘वावटळ’ एकत्र वाचण्याची सवय झाली तर तशा लेखनासाठी वाचकही तयार होईल.

याच संदर्भात एक वस्तुस्थिती नमूद केली पाहिजे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड, कैकाडी, रामोशी, वडार यांच्याबरोबर छप्परबंद ही जात आहे आणि त्या नोंदीत मुस्लिमांचा स्पष्ट समावेश आहे. विजापूर-सोलापूर पट्ट्यातील या मुस्लिम समाजावर ब्रिटिशांनी खोटी नाणी पाडणारे म्हणून शिक्का मारला होता. जन्माने गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याने हिंदू आणि मुसलमान असा भेद केला नाही. छप्परबंद घरातील एखादा विद्यार्थी ‘बेरड’ वाचील तेव्हा त्याला ते परक्याचे पुस्तक वाटणार नाही. त्याच्या घरातील आठवणी मात्र अजून लिहिल्या जायच्या आहेत.

पुस्तकाच्या मर्यादा

‘बेरड’ची थोरवी मान्य करूनही काही प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न स्त्रियांचा. पुरुष पळाला की मागे घर राहते, म्हणजे बाई राहते. चुलीची, मुलांची, म्हाताऱ्यांची, ठाण्यावर हेलपाटे घालण्याची जबाबदारी तिच्यावर येते. विस्थापनाच्या कथेत पळणाऱ्याला गती असते, म्हणून निवेदन त्याच्या मागे जाते. थांबलेल्या बाईची कथा मागे पडते. आत्मकथन पुरुषाचे असल्याने हे काही अंशी अपरिहार्य आहे, तरी ती उणीव आहेच.

या भागातील मुलींचे एक वेगळे विस्थापनही आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली गरिबीमुळे मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीत पोहोचत. कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदे झाले. घरातून गेलेली अशी मुलगी कोणत्याच विस्थापितांच्या यादीत येत नाही, कारण तिला देवाच्या नावाने पाठवलेले असते आणि पाठवणारे घरचेच असतात. गस्ती यांनी आपल्या कामात आणि नंतरच्या लेखनात हा प्रश्न हाती घेतला. म्हणून ‘बेरड’ एकटे न वाचता त्यांच्या ‘आक्रोश’ आणि ‘सांजवारा’ या पुस्तकांसह वाचणे योग्य. तरीही त्या स्त्रियांचा स्वतःचा, मध्यस्थाशिवायचा आवाज अजून पुरेसा आलेला नाही.

दुसरा प्रश्न परतलेल्या सुशिक्षिताच्या दृष्टीचा. शिकून परत आलेला निवेदक आपल्या समाजाकडे प्रेमाने पाहतो, पण सुधारकाच्या नजरेनेही पाहतो. व्यसन, अंधश्रद्धा, आळस यांवर तो रागावतो. हा राग खरा आहे. मात्र वाचणारा बाहेरचा असेल तर या रागाचा आधार घेऊन तो ‘दोष त्यांचाच’ या निष्कर्षाला येण्याची शक्यता असते. लेखकाने स्वतःच्या घरात बोललेले वाक्य दुसऱ्याच्या अंगणात वेगळे ऐकू येते.

तिसरी बाब काळाची. पुस्तक १९८७ चे आहे आणि त्यानंतर बेळगाव जिल्ह्यातील परिस्थिती तशीच राहिलेली नाही. १९९१ मध्ये कर्नाटकातील बेडर, वाल्मीकी ही नावे नायक या अनुसूचित जमातीचे पर्याय म्हणून केंद्रीय यादीत आली. २००८ पासून यमकनमर्डी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. राज्यातील अनुसूचित जमातींचे आरक्षण २०२२ मध्ये ३ टक्क्यांवरून ७ टक्के करण्याचा निर्णय झाला. ‘बेरड’मधील चित्र आजच्या प्रत्येक बेरड कुटुंबाचे आहे असे वर्गात सांगणे म्हणजे जुना शिक्का नव्याने मारणे होईल.

दोन याद्यांच्या मधले कुटुंब

याच ठिकाणी साहित्याचा प्रश्न थेट विद्यार्थ्याच्या दप्तरापर्यंत येतो. बेरड समाज कर्नाटकात अनुसूचित जमातीत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. निपाणीतील घर आणि कागलमधील घर एकाच भावकीतील असू शकते, पण त्यांचे प्रमाणपत्र वेगळे. एका राज्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी सहसा चालत नाही. शिवाय महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दावा सिद्ध करताना २१ नोव्हेंबर १९६१ या तारखेचा वास्तव्याचा पुरावा विचारला जातो.

आता या नियमासमोर ‘बेरड’मधील माणूस उभा करून पाहावा. ज्याच्या आजोबांना घरात राहता आले नाही, जे १९७२ च्या दुष्काळात हद्द ओलांडून कामाला गेले, ज्यांच्याकडे सात-बारा नव्हता आणि शाळेचा दाखला नव्हता, त्यांच्या नातवाने ते १९६१ मध्ये कोठे राहत होते हे कागदावर दाखवायचे. ज्या समाजाला राहू दिले नाही त्याच्याकडे राहिल्याचा पुरावा मागितला जातो. पूर्वी नोंद असणे ही शिक्षा होती. आता नोंद नसणे ही शिक्षा झाली. ठाण्याच्या जुन्या हजेरीपटात आजोबांचे नाव सापडले तर नातवाला कदाचित त्याचाच उपयोग होईल, इतकी ही विसंगती टोकाला जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठची शेकडो घरे पडली तेव्हा घरांबरोबर कागदही वाहून गेले. पुढच्या पिढीत हाच प्रश्न अन्य समाजांतील कुटुंबांपुढेही येणार आहे आणि त्यांत मुस्लिम कारागीर कुटुंबे असणार हे उघड आहे.

वर्गातील ‘बेरड’

सीमाभागातील आणि लगतच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत हे पुस्तक शिकवताना अध्यापकाने काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. वर्गात त्या समाजातील विद्यार्थी बसलेला असू शकतो. पुस्तक शिकवताना त्याच्याकडे पाहणे, त्याला ‘तुझा अनुभव सांग’ असे सर्वांदेखत म्हणणे हे सद्‌हेतूने झाले तरी ती हजेरीच आहे. त्याने सांगायचे ठरवले तर त्याला वेळ आणि विश्वास मिळावा, न सांगण्याचाही त्याला हक्क असावा.

दुसरे पथ्य तुलनेचे. ‘बेरड’ केवळ दलित-विमुक्त आत्मकथनांच्या चौकटीत शिकवले जाते. त्याला ‘वावटळ’, ‘झाडाझडती’, ‘रिंगाण’ यांच्यासह ‘घर सोडावे लागलेल्यांचे साहित्य’ या एका घटकात आणल्यास कोणाचे विस्थापन मोजले गेले आणि कोणाचे नाही, हा प्रश्न विद्यार्थी स्वतः विचारू लागतात. तिसरे काम वर्गाबाहेरचे आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील स्थलांतराची तीन पिढ्यांची नोंद करावी : गाव कोणते, कोणत्या साली सोडले, कशामुळे सोडले, मागे कोण राहिले, कोणते कागद बरोबर होते. सीमाभागातील मुस्लिम घरांत घरी दखनी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड आणि शाळेत उर्दू अशा चार भाषा नांदतात. अशा घरांतील आठवणी एका भाषेतून दुसरीत जाताना गळून पडतात. त्या मराठीत उतरवून ठेवणे हे भाषेच्या अध्यापकाला सहज जमणारे आणि अन्य कोणाला न सुचणारे काम आहे.

समारोप

‘बेरड’ने दिलेला धडा थोडक्यात सांगायचा तर असा : माणूस घर सोडतो तेव्हा त्याच्या जाण्याला नाव कोण देतो यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. ठाणे त्याला फरारी म्हणते, कचेरी त्याला बाहेरगावचा म्हणते, शाळा त्याच्या मुलाला गैरहजर म्हणते. या तीन दप्तरांत तीन ठिकाणी तुकडे झालेले कुटुंब एकत्र पाहण्याचे काम साहित्य करते. भीमराव गस्ती यांनी ते आपल्या वस्तीपुरते केले आणि पुरेशा धीटपणे केले. त्यात उणिवा राहिल्या त्या भरून काढणे पुढील लेखकांचे काम आहे. अध्यापकाच्या हाती तिसऱ्या दप्तराची लेखणी आहे. महिनाभर न आलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लिहिण्यापूर्वी तो कोठे गेला आणि त्याला कशामुळे जावे लागले, याची एकदा चौकशी झाली, तर या पुस्तकाचे वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.